शुक्रवारची तारीख

बहरीनच्या विमानतळाशेजारी, मुहर्रकमध्ये, दाऊद चाचांच्या घरातलं बोलणं विमानांच्या सोयीने चालायचं. धावपट्टी इतकी जवळ, की विमान उठलं की मांडणीवरच्या बश्या एकमेकींना घासून कुरकुरायच्या आणि बोलणारा कितीही ओरडला तरी समोरच्याला नुसते त्याचे ओठ हलताना दिसायचे. आम्ही बाकीचे सगळे अशा वेळी आवाज चढवायचो. चाची मात्र हात वर करायची, पंजा पुढे, रस्त्यावरच्या पोलिसासारखा, आणि थांबायची. विमान गेलं की हात खाली, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथूनच पुढे. "मी त्या मासेवाल्याला बोलले, तुझी साफी—" हात वर. अख्खं घर थरथरतंय, पातेल्यावरचं झाकण वाजतंय. हात खाली. "—कालची आहे, मला शिकवू नको." एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. मी नवा होतो तेव्हा मला याचं हसू यायचं. पुढे माझ्याही अंगवळणी पडलं, इतकं की सलमाबादच्या आमच्या खोलीत, जिथे विमानं ऐकूसुद्धा यायची नाहीत, तिथे कोणी हात वर केला की मी बोलायचा थांबायचो.

आज हिद्दला मुलाच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहितोय. खिडक्या दुहेरी काचेच्या आहेत. विमानं दिसतात, आवाज येत नाही. नातू विचारतो, "आजोबा, व्हॉट आर यू रायटिंग?" मी मराठीत सांगतो, जुन्या कामाबद्दल. त्याला कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देतो. त्याला मी एवढंच सांगितलंय की तुझा आजोबा विमानांच्या कामात होता. ते खोटं नाही. गावाकडे आईला पत्रात मी हेच लिहायचो, आणि आईने वाडीत सांगून टाकलंन की पोरगा विमान चालवतो. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त न करण्याची माझी सवय जुनी आहे. हे प्रकरण त्या सवयीबद्दलच आहे.

चाचांच्या घरी मी आलो तो एका पाटीमुळे. आठवीत शाळा सुटली आणि महाडला एका पाट्या रंगवणाऱ्याकडे लागलो होतो. इंग्रजी मला वाचता यायचं नाही, पण अक्षरं चित्रासारखी काढता यायची, अगदी छापल्यासारखी. त्याच जोरावर पेंटरच्या व्हिसावर बहरीनला आलो. वर्षाच्या आत ज्या कंपनीने आणलं ती बंद पडली. परत जायचं तोंड नव्हतं. सलमाबादला आठ जणांच्या खोलीत राहून मिळेल ती पाटी रंगवत होतो. तसाच एका सकाळी मुहर्रकच्या गल्लीत एका कोल्ड स्टोअरची पाटी करत शिडीवर होतो. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. ब्रश हातातून निसटला आणि माझ्या तोंडून एक शिवी गेली. खालून आवाज आला, "ओ पेंटर! ही शिवी रायगडातली. रत्नागिरीत अशी देत नाहीत."

खाली एक उंच, वाकलेला माणूस. पांढरी टोपी, हातात गरम खुबूसची, म्हणजे इथल्या रोटीची, गुंडाळी. त्याने माझा ब्रश उचलून दिला आणि पाटीकडे मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिला. मला वाटलं अक्षरं चुकली. नंतर कळलं, त्यांना समोरचं नीट दिसायचं नाही, डोळ्याच्या कडेने बघावं लागायचं. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "जेवलास काय?"

सकाळचे नऊ वाजले होते. मी म्हटलं, "नाही." दोन दिवस नीट जेवलो नव्हतो हे सांगितलं नाही, तरी चाचीला ते माझ्या ताटावरून कळलं. "सावकाश रे," ती म्हणाली. "तुझ्या आईने बघितलंन तर बोलेल, परक्या मुलुखात पोराला कोणी विचारत नाही. आम्हाला बोल लागेल." महिन्याभरात चाचांनी त्यांच्या अरबाबला, म्हणजे मालकाला, सांगून माझा व्हिसा त्यांच्या वर्कशॉपवर बदलून घेतला. नवं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, हातात पडलं तेव्हा मी वर्कशॉपच्या मागच्या बाजूला जाऊन रडलो. चाचांनी विचारलं तर सांगितलं की डोळ्यात रंग गेला. तिथे रंगाचा डबासुद्धा नव्हता.

वर्कशॉप सलमाबादला, गाळ्यांच्या रांगेत. या देशाची जी एअरलाईन आहे तिच्या विमानांतली लाइफ जॅकेटं तपासण्याचं काम अरबाबने घेतलेलं. आम्ही एअरलाईनचे नोकर नव्हतो, पण चाचा कायम "आपली विमानं" म्हणायचे. विमानातल्या प्रत्येक सीटखाली एक पिवळं जॅकेट घडी करून ठेवलेलं असतं. ते कधी कोणी उघडून बघत नाही, आणि कोणावर उघडायची वेळ येऊही नये. पण ठरावीक काळाने ते काढून, फुगवून, तपासून परत घडी करावंच लागतं. आधी बोटाएवढा गॅसचा सिलिंडर वजन करायचा. वजन कमी भरलं तर गॅस गळलाय. मग जॅकेटात हवा भरायची, मीटरवर आकडा बघायचा आणि ते दोरीवर टांगून रात्रभर सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत आकडा. हवा तेवढीच असेल तर पास. खोलीभर पिवळी फुगलेली जॅकेटं लटकत असायची, जणू माणसांवाचूनच्या छात्या. चाचा सकाळी आत शिरताना त्यांना सलाम करायचे आणि मला म्हणायचे, "जय भीम, पेंटर. बघ बघू, रात्री कोणी दम सोडलान काय."

पास झालेल्या जॅकेटात एक कार्ड जायचं. टांगल्याची तारीख, उतरवल्याची तारीख, दोन्ही आकडे, आणि खाली शिक्का. शिक्का म्हणजे रबराचा नव्हे, पेनाएवढी पितळी दांडी, टोकाला नंबर. चाचांचा सतरा. एअरलाईनने परीक्षा घेऊन, डोळे तपासून तो दिलेला. ज्याचा नंबर त्याची जबान. शिक्का कोणाला द्यायचा नाही, टेबलावर ठेवून संडासलासुद्धा जायचं नाही. चाचा तो शर्टाच्या आतल्या खिशात, ताइतासारखा ठेवायचे.

पण कार्डावरच्या बारीक रकान्यांत त्यांना लिहिता येईनासं झालं होतं. डोळ्यांचा पडदा मधोमध झिजत चालला होता. हे फक्त चाचीला आणि मला माहीत होतं. वर्षाची डोळ्यांची तपासणी जवळ येत होती आणि ते सलमानिया इस्पितळातून गुपचूप औषध घेऊन यायचे. मला त्यांनी कामावर घेतलं ते दयेपोटी, असं मी पुष्कळ दिवस समजत होतो. थोडं तसंही असेल. पण त्यांना माझं अक्षर हवं होतं. मी कार्डं लिहायचो, मीटरचा आकडा मोठ्याने वाचायचो, ते बोटाने जॅकेटाची शिवण चाचपायचे. डोळ्यांना न दिसणारी चीर त्यांच्या बोटाला सापडायची. मग खिशातून शिक्का काढून मारायचे. पुढे पुढे शिक्का नेमका रकान्यात बसेना, तेव्हा माझ्या हातात द्यायला लागले. "मार तू. मी बघितलंय."

एअरलाईनचे ते दिवस बरे नव्हते. चाचा सांगायचे, कोणा गोऱ्या वैमानिकाने एका जुन्या छोट्या विमानावर टॅक्सीसारखी सुरू केलेली ही गोष्ट. मग आखातातल्या चार राज्यांनी मिळून ती घेतली. सगळ्यांची मिळून एक एअरलाईन, ऑफिस मात्र आपल्या बहरीनला. मग एकेकाला स्वतःचं विमान हवंसं झालं. मी आलो तेव्हा त्यातल्या एकाने स्वतःची एअरलाईन काढली होती आणि दुसरा काढायच्या बेतात होता. विमानं कमी होणार, मार्ग बंद होणार, अशा बातम्या बशीर रोज आणायचा. बशीर म्हणजे आमचा मलबारी ड्रायव्हर. विमानतळावरून जॅकेटं आणायची आणि तपासलेली परत न्यायची हे त्याचं काम. चाचीला हे सगळं एकत्र कुटुंबासारखं वाटायचं. "एकेक भाऊ वेगळा निघतो," ती म्हणायची, "आणि शेवटाला म्हातारीला सांभाळतो कोण, तर सगळ्यात लहान असतो तो." झालंही तसंच. शेवटी या एवढ्याशा देशानेच ती एकट्याने सांभाळली. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. तेव्हा एवढंच माहीत होतं की विमानं कमी झाली तर जॅकेटं कमी, आणि जॅकेटं कमी झाली तर पहिला निघणार तो मी, कारण मला शिक्का नाही.

दर शुक्रवारी वर्कशॉप बंद. चाचा जुम्म्याची नमाज करून यायचे, मी सलमाबादहून बसने जायचो, आणि आम्ही जेवायला बसायचो. त्या शुक्रवारचं जेवण मला ताटासकट आठवतं. साफी मासे, हाताच्या बोटाएवढे, चाचीने त्यांचं कालवण केलं होतं. गावाहून कोणीतरी आणलेलं आमसूल संपत आलं होतं, तरी तिने ते घातलं. तांदळाच्या भाकऱ्या. बोंबलाची चटणी, खास माझ्यासाठी तिखट. चाचा चाचपून काटे काढत होते आणि चाची त्यांच्या ताटाकडे न बघितल्यासारखं करून मधूनच एखादा काटा बाजूला सरकवत होती.

"उद्या सकाळी इस्पितळात यायला सांगितलंन," चाचा म्हणाले. "थेंब घालतात आणि मग दिवसभर सगळं धुरकट."

"अरबाबला सांगा तसं," चाची म्हणाली.

"काय सांगू? सतरा नंबर आंधळा होतोय म्हणून?"

"सांगू नका. मरा—" हात वर. विमान गेलं. हात खाली. "—असे लपवून."

"पेंटर आहे की," चाचा म्हणाले. मला ते ऐकून इतकं बरं वाटलं की मी अजून एक भाकरी मागितली.

शनिवारी चाचा पहाटेच वर्कशॉपला आले. गुरुवारी टांगलेली जॅकेटं भिंतीकडे होती. ती त्यांनी एकेक करून चाचपली, मी आकडे वाचले, सगळी पास. मग खिशातला शिक्का काढून माझ्या हातात दिला. "भिंतीकडची झाली. कार्डं लिही, शिक्के मार, बशीरला दे. टेबलावरची वीस आहेत ती नुसती वजन करून ठेव. मी उद्या आलो की टांगू." आणि ते गेले.

अकरा वाजता बशीर आला, घामाने भिजलेला. भिंतीकडची जॅकेटं व्हॅनमध्ये भरली आणि परत आत आला. "और बीस चाहिए."

"और नहीं है. वो कल टांगेगा, परसों मिलेगा."

"परसों?" बशीर हसला. "प्लेन अभी खडा है, पेंटर. सीट के नीचे जॅकेट नहीं तो सीट पे आदमी नहीं बैठता. परसों तक क्या तेरी गोद में बैठेगा?" मग टेबलाकडे बोट. "ये क्या है?"

"ये टेस्ट नहीं हुआ."

"नया जैसा तो है. चाचा किधर?"

मी म्हटलं, "आते हैं." बशीरने भिंतीवरच्या फोनला हात घातला. "ठीक है, अरबाब को बोलता हूँ, इधर आ के चाचा से बात करे." वाईट माणूस नव्हता तो, त्यालाही तिकडे कोणीतरी झापत असणार. पण माझ्या डोळ्यांपुढे अरबाब आला, रिकामी खुर्ची आली आणि माझ्या हातातला सतरा नंबर आला. मी म्हटलं, "रुको. दे देता हूँ."

मी वीस जॅकेटांत हवा भरली, एकेक कानाशी धरून ऐकलं, दाबून बघितलं. चाचांसारखी शिवणही चाचपली. माझ्या बोटांना काही सापडलं नाही. माझी बोटं ब्रश धरणारी होती. मग हवा सोडून घडी केली आणि कार्डं लिहायला घेतली. दोन्ही तारखा एकच लिहिता येत नाहीत, मधे रात्र असावी लागते. म्हणून उतरवल्याची तारीख आजची लिहिली आणि टांगल्याची कालची. आकडे मागच्या कार्डांसारखेच. वीस कार्डं, वीस शिक्के. बशीर "यल्ला" म्हणाला आणि गेला. ते सगळं मी चाचांना सांभाळण्यासाठी केलं असं मला तेव्हा वाटत होतं, आणि दुपारी मी अभिमानाने जेवलो. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त लाज त्या दुपारच्या जेवणाची वाटते.

रविवारी चाचांनी विचारलं, "टेबलावरची?"

"तुम्ही गेल्यावर मीच टांगली. आज पहाटे उतरवून बशीरला दिली. आकडे बरोबर होते."

"शिवण बघितलीस?"

"बघितली."

"शाबास," चाचा म्हणाले. पाठीवर हात ठेवला. मला सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. वीस जॅकेटं परत आणवता आली असती, बोलणी बसली असती, आणि तिथेच मिटलं असतं. मी म्हटलं, "चहा आणू काय?"

पुढचे काही आठवडे मी विमान दिसलं की मान खाली घालायचो. मग एका सकाळी एअरलाईनचा इन्स्पेक्टर आला. बारीक, शांत बहरीनी गृहस्थ. इथल्या जुन्या लोकांसारखी त्यांना हिंदी येत होती. ते मधूनमधून एखादं जॅकेट विमानातून काढून स्वतः फुगवून बघायचे, तसंच त्या वीसमधलं एक बघितलं होतं. त्यांनी ते आणलं होतं. टेबलावर ठेवून आमच्यासमोर त्यात हवा भरली. दहा मिनिटं आम्ही तिघं ते बघत उभे राहिलो. मागे कंप्रेसर चालू होता. जॅकेट हळूहळू, म्हातारं माणूस खुर्चीत बसतं तसं, खाली बसलं.

त्यांनी कार्ड पुढे ठेवलं. "ये लिखाई किसका है?"

"मेरा, सर."

"बहुत सुंदर लिखाई है," ते म्हणाले. खरंच म्हणाले, टोमणा नव्हता. मग खिशातून छोटी डायरी काढली, पान उलटलं, कार्डावरच्या पहिल्या तारखेवर बोट ठेवलं. "इस दिन जुम्मा था. जुम्मे को दुकान किसने खोला?"

माझ्या गावाकडे आदला दिवस म्हणजे नुसता आदला दिवस. शनिवारच्या आधी शुक्रवार येतो आणि शुक्रवारी इथे कुलूप असतं, हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? दर शुक्रवारी मी चाचीकडे जेवत होतो. पण कार्ड लिहिताना मी वार बघितलाच नव्हता. मी आजच्या आकड्यातून एक वजा केला होता.

चाचांनी कार्ड उचललं. नाकाजवळ नेलं, मान तिरकी केली. त्यांना वेळ लागला. इन्स्पेक्टरना वाटलं असेल की ते विचार करतायत. ते फक्त वाचत होते. मग त्यांनी माझ्या बाजूला तोंड केलं. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं, तरी मी नजर खाली वळवली.

"स्टॅम्प मेरा है," चाचा म्हणाले.

"वो मालूम है. टेस्ट किसने किया?"

चाचा बोलले नाहीत. ते न बोलणं माझ्यासाठी होतं, मला वेळ द्यायला. आज मला ते स्पष्ट कळतं. इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. "तुम बोलो."

"मैं सिर्फ लिखता हूँ, सर," मी म्हणालो. "चाचा जो बोलते हैं वही लिखता हूँ."

वाक्य तेवढंच. त्यातला प्रत्येक शब्द एरवी रोज खरा होता, म्हणूनच तो तोंडातून इतका सहज गेला. चाचांनी मान हलवली. "हाँ साब," ते म्हणाले. "ये सिर्फ लिखता है." मग खिशातून शिक्का काढला, रुमालाने पुसला आणि टेबलावर ठेवला. इन्स्पेक्टरनी तो लगेच उचलला नाही. मग पाकिटात घालून सही घेतली.

ती वीसही जॅकेटं त्या दिवशीच विमानांतून काढून आणली. उरलेल्या एकोणिसांत काही दोष निघाला नाही. कोणाला काही झालं नाही. हे मी पुष्कळ वेळा स्वतःला सांगितलंय. अरबाबने काम वाचवलं, चाचांना काढून. शिक्का गेलेल्या माणसाला या कामात कोणी उभं करत नाही, आणि काम नाही तर व्हिसा नाही. इतकी वर्षं इथे काढलेल्या माणसाला महिन्याभरात निघायचं होतं. त्या महिन्यात चाचा रोज वर्कशॉपला येत राहिले, हिशेबाबाहेर, नुसते. मला शिवण चाचपायला शिकवलं. माझं बोट धरून दोऱ्यावरून फिरवायचे, "घाई नको. बोटाला विचार." त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. तुम्ही माझं नाव का सांगितलं नाहीत, असं मी विचारलं नाही. सांगितलं असतं तर शिक्का दुसऱ्याच्या हातात दिल्याचं निघालं असतं, डोळे निघाले असते, दोघंही गेलो असतो. असं मी मनात त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकलं. ते अजून तसंच चालू आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मी सामान बांधायला गेलो. खोके, दोरी, आणि प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव, गाव, जिल्हा. ते माझ्याशिवाय कोण लिहिणार? काळ्या रंगात मी चाचांचं नाव पाच वेळा रंगवलं, छापल्यासारखं. चाची दोरी आवळत होती. गाठीवर धरायला मी बोट ठेवलं. इतके दिवस ती माझ्याशी जेव, बस, एवढंच बोलली होती. आता गाठीकडे बघतच म्हणाली, "पेंटर, त्या शुक्रवारी आपण—"

विमान आलं. तिने हात वर केला. मोठं विमान होतं, खोके हलले, बश्या आधीच बांधलेल्या म्हणून घरात दुसरा आवाज नव्हता. मी बोट गाठीवर ठेवून वाट बघत होतो. विमान गेलं. हात खाली आला. चाचीने दोरी ओढली.

"बोट काढ," ती म्हणाली. "अडकेल."

एवढ्या वर्षांत तिचं तेवढं एकच वाक्य विमानाने नेलं.

पुढे मला शिकवणी मिळाली, इंग्रजी अक्षरांमागचे शब्द कळायला लागले, परीक्षा दिली, तोच इन्स्पेक्टर सही करायला होता. मला एकोणतीस नंबर मिळाला. माझं सगळं आयुष्य, लग्न, मुलाचं शिक्षण, हा फ्लॅट, त्या पितळी दांडीतून आलं. या देशाचे माझ्यावर उपकार आहेत आणि मी ते रोज मोजतो. माझा शिक्का मी कधी कोणाला दिला नाही. नोकरी संपली तरी विमानात बसलो की सीटखाली हात घालून पाउच चाचपतो. हवाई सुंदरी हसतात, "अंकल, है, है." मी म्हणतो, हो, सवय आहे.

चाचांच्या गावी जायला मला नऊ वर्षं लागली. दर सुट्टीत ठरवायचो आणि महाडवरूनच परत फिरायचो. शेवटी गेलो. खाडीकाठचं घर, पुढे माड, अंगणात खुर्चीवर चाचा. डोळे पूर्ण गेलेले. माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, "जय भीम, पेंटर. जेवलास काय?"

चाची आत गेली. मी पायरीवर बसलो.

"शिक्का मिळाला म्हणे तुला. नंबर कितवा?"

"एकोणतीस."

"आणि सतरा कोणाला दिला?"

"कोणालाच नाही. रद्द झालेला नंबर परत देत नाहीत."

चाचा एकदम खूश झाले, मांडीवर थाप मारली. "म्हणजे अजून माझाच आहे की! ऐकलंस काय गो?" त्यांनी आत आवाज दिला. "सतरा अजून माझाच आहे."

चाची ताटं घेऊन आली. भात, कसल्यातरी खाडीतल्या माशाचं कालवण. तिचे केस पांढरे झाले होते. तिने मला वाढलं, चाचांच्या ताटातला काटा बाजूला सरकवला, आणि माझ्यासमोर बसून सहज विचारल्यासारखं म्हणाली, "त्या शुक्रवारी आपण काय जेवलो होतो रे?"

मी म्हटलं, "साफी. कालवण केलं होतं तुम्ही. तांदळाची भाकरी. बोंबलाची चटणी."

"लिंबू होतं काय?"

"नाही. आमसूल घातलं होतं. संपत आलं होतं तरी."

"बघा," ती चाचांना म्हणाली. "सगळं आठवतंय याला." चाचा जेवत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

मी हातातला घास ताटात ठेवला. नऊ वर्षं जे घोकत आलो होतो ते तोंडाशी आलं. "चाची," मी म्हणालो, "त्या दिवशी मी—"

तिने हात वर केला. पंजा पुढे.

मी थांबलो. सवयीने वर बघितलं. माडाच्या झावळ्या हलत नव्हत्या. वर निळं, रिकामं आभाळ होतं.

"काय झालं?" चाचा म्हणाले. "का थांबलात?"

"विमान जातंय," चाची म्हणाली.

"मला नाही ऐकू आलं."

"लांब आहे," ती म्हणाली, आणि हात वरच ठेवला.